खरे गुण

आमच्या वरच्या मजल्यावर जर्मिना राहते. ती काबूलहून पुण्याला शिकायला आली आहे. तिथल्या राज्यकर्त्यांनी मोठ्या मुलींच्या शाळा बंद केल्यामुळे ती रोज जिन्यात बसून धाकट्या बहिणीला फोनवर गणित शिकवते. मी निवृत्त गणित शिक्षिका. एकदा त्यांचं अडलेलं उदाहरण सोडवून दिलं आणि मीही रोज जिन्यात बसू लागले.

पडद्यावर बहीण आणि तिच्या मैत्रिणी अशा पाच मुली दिसतात आणि दाराशी पहाऱ्याला जर्मिनाचे वडील. परवा कुणीतरी आलं. वडील मोठ्याने खोकले. वह्या शिवणाच्या कापडाखाली गेल्या आणि सुया चालू लागल्या.

माणूस गेल्यावर बहिणीने काहीतरी विचारलं. जर्मिना म्हणाली, "बाई, ती म्हणतेय, आमची परीक्षा घ्या."

"अगं, पण ती परीक्षा ग्राह्य धरणार कोण?"

"आम्ही धरू, म्हणते. फक्त गुण खरे द्या."

परीक्षेला घाबरणारी मुलं मी जन्मभर पाहिली. परीक्षा मागणारी पहिल्यांदाच भेटली. मी पेपर काढला, नेहमीसारखाच तपासला. चौघी पास झाल्या, बहीण तीन गुणांनी नापास. मी गुण होते तसेच सांगितले.

ती मात्र लगेच म्हणाली, "पुन्हा कधी बसू?"