छातीत आलेली कळ पाठीची निघाली

डॉक्टरांनी माझ्या पाठीत डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा दाबला आणि मी ओरडलेच. कळ थेट छातीत आली. सकाळी गोठ्यात आली होती तशीच.

“मावशी, हेच दुखणं का?”

“हेच. हेच हाय ते.”

“मग घाबरू नका. हे हृदयाचं नाही, हा मसल स्पॅझम आहे.”

म्हणजे स्नायू आखडून घट्ट होतो आणि लवकर सैल पडत नाही. शिरूरच्या त्या दवाखान्यात आल्या आल्या माझा ईसीजी काढला होता. छातीला वायरी लावून हृदयाचे ठोके कागदावर उतरवतात तो. मग ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी. हृदयाला इजा झाली असेल तर त्यात कळतं. काही तासांनी दोन्ही पुन्हा केल्या. सगळं ठीक होतं, तरी माझा विश्वास बसेना.

माझी आई अशीच छाती धरून बसली होती. घरात सगळे म्हणाले, वात असेल, आणि तिला ओवा दिला. दवाखान्यापर्यंत ती पोचलीच नाही. त्यामुळं धार काढताना माझा श्वास अडकला तेव्हा मला समोर आईच दिसली. हातातली कासंडी सुटली, दूध सगळं शेणात गेलं.

आमचे हे फार बोलत नाहीत. त्यांनी शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत माझा हात धरून बसले. चारचौघांत कधी हात धरला नव्हता. त्यामुळं मला आणखीच भीती वाटली.

डॉक्टरांनी काम विचारलं तेव्हा उलगडा झाला. धार काढायचं मशीन बंद पडल्यापासून मी सगळ्या म्हशी हातानं पिळत होते. वर वैरणीचे भारे, तेही कायम डाव्याच खांद्यावर.

घरी करायचं ते अवघड नव्हतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेक घ्यायचा, चटका बसेल इतका नाही. खांदे हळू मागं फिरवायचे. भिंतीला पाठ टेकून मध्ये रबरी चेंडू धरायचा आणि सोसेल इतकंच अंग रेलायचं. गोळी जेवणानंतर. मला वाटलं होतं पडून राहायला सांगतील. डॉक्टर म्हणाले, “पडून राहिलात तर अजून आखडाल. घरात चालत राहा. जड उचलू नका.”

शेजारच्या आक्का तेलाची वाटी घेऊनच आल्या. “चांगली रगडते, मोकळी व्हशील बघ.” जोरात रगडायला डॉक्टरांची मनाई होती. त्या जरा रुसल्या, पण हलका हात फिरवला. तेवढ्यानंही बरं वाटलं.

धार काढायचं काम ह्यांच्याकडं गेलं. पहिल्या दिवशी म्हैस पान्हाच सोडेना.

“आगं, ही मला वळखतच न्हाई!”

मी खुर्ची टाकून गोठ्यात बसले, तिच्याशी बोलत राहिले, तेव्हा कुठं ती पान्हावली. ह्यांचं तोंड बघून मला हसू आलं आणि हसताना पाठीत कळ आली. पण आता ती कशाची ते ठाऊक होतं. ठाऊक असलं की दुखणं निम्मं होतं.

एक मात्र सांगते. छातीत दुखलं तर माझं वाचून चेंडू घेऊन भिंतीला टेकू नका. घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ, असं काहीही असलं तर नाहीच नाही. मलाही पाठीचं आहे हे तपासण्यांनंतरच कळलं. आधी ईसीजी, मग शेक.

मशीन दुरुस्त झालं. भारे आता हे हातगाड्यावर आणतात. त्या डॉक्टरांची आठवण रोज निघते.

परवा सकाळी उठले, दोन्ही हात वर करून आळस दिला आणि कुठंच काही दुखलं नाही. ह्यांना जाऊन सांगितलं.

“परत करून दाखव बरं,” हे म्हणाले.

मी परत दिला. चांगला लांबलचक.