दोन झोपांवरचं टोरांटो

आमचे व्याही टोरांटोचं अंतर झोपांत मोजत. "मुंबईहून फ्रँकफर्ट एक झोप, तिथून टोरांटो दुसरी. दोन झोपांवर तर आहे," असं म्हणत. सावर्ड्याला हायवेलगत त्यांचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान होतं. मी म्हणे, "अहो, साडेबारा हजार किलोमीटर आहे ते." ते हसून म्हणत, "आपल्याला काय चालत जायचंय?"

मला मात्र ते चालत जाण्याइतकंच अवघड होतं. पायाच्या शिरेत गुठळी झाल्यापासून डॉक्टरांनी माझा लांबचा विमानप्रवास बंद केला होता. टोरांटोतलं घर माझ्या मुलाचं, सून त्यांची लेक, नातू आम्हा दोघांचा. पण दरवर्षी त्या घरात दोन महिने राहणार ते, आणि मी रत्नागिरीत फोन धरून बसणार.

निघण्याआधी ते न चुकता आमच्याकडे येत. माझी बायको फणसपोळी, मेतकूट, आमसुलं बांधून देई. वजन जास्त झालं, तर ते स्वतःचे कपडे मागे ठेवत, पण आमची पिशवी नेत. परत आले की कौतुकाने सांगत, "फणसपोळी माझ्या हातनंच खाल्लीन हो पोरानं." मी "बरं झालं" म्हणून पेपर उघडी. नातू त्यांना आबा म्हणे. मी 'फोनवाले आजोबा'.

एका मे महिन्यात मुलं इकडे आली. आम्ही दोघे व्याही फाटकाशी शेजारी शेजारी उभे होतो. गाडीतून उतरून पोर धावलं ते थेट त्यांच्या कमरेला बिलगलं. मी पुढे केलेला हात तसाच बॅगेकडे वळवला. व्याह्यांनी ते पाहिलं असावं. चहा होताच ते उठले.

"निघतो. दुकानात माल उतरायचाय."

"बाबा, आत्ता तर आलो आम्ही," सून म्हणाली.

"पंधरा दिवस काही सुटका नाही बघ. पोराला राहू दे आजोबांकडे."

ते दिवस मी विसरणार नाही. पोर माझ्याबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खेळलं, माझ्या ताटात जेवलं. पण व्याही फिरकेनात, तेव्हा मी सावर्ड्याला फोन लावला. विहीणबाई म्हणाल्या, "माल कसला? दुकान आता पुतण्या बघतो. हे पडवीत बसून असतात."

मी त्यांना फोनवर बोलावलं. म्हटलं, "उद्या जेवायला या."

"नको. तिकडे मला दोन-दोन महिने मिळतो तो. हे दिवस तुमचे."

मी फोन ठेवला. मनाचा मोठेपणाही त्यांच्याच वाट्याला गेला होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

गेल्या हिवाळ्यात व्याही गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. टोरांटोला बर्फ पडत होता, विमानं खोळंबली होती. मुलं सावर्ड्याला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. नातू आबांच्या खाटेवर पालथा पडून रडत होता. मी जवळ बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने हात झटकला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

व्याह्यांच्या आठवणीने माझेही डोळे भरले होते. आणि तेव्हाच मनात आलं, माझ्यामागे हा असा रडेल का?