डिकीवरची दोन अक्षरं

माझे वडील सांगलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांचा मुलगा आणि मी एकाच वर्गात, एकाच बाकावर. त्यांच्याकडे दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, हिरवी विलायती स्पोर्ट्स कार होती. रविवारी दवाखाना बंद असला की माझे वडील ती गाडी धुवायचे. हे त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं. पण 'साहेब दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत न्हाईत' असं ते घरी येऊन कौतुकानं सांगायचे. मला ते तेव्हाही खटकायचं, असं मी आता म्हणू शकतो. खरं म्हणजे तेव्हा मीही कौतुकानंच ऐकायचो.

पुढं मी सैन्यात गेलो, वर्कशॉपमध्ये फिटर झालो. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात घराला लागूनच एक छोटं वर्कशॉप टाकलं. मित्र सांगलीतच राहिला. तासगावकडची द्राक्षबाग आणि वडिलांची ती गाडी, दोन्ही त्याच्याकडे आली. आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं होतं. चारेक वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा फोन आला.

"गड्या, गाडी उभी केली बघ. इंजिन झालं, रंग झाला. पण बारकं सामान न्हाई. तुज्याशिवाय हे व्हायचं न्हाई."

झालं असं होतं, की रंगासाठी गाडीवरचे चकचकीत भाग काढून खोक्यात ठेवले होते. महापुराचं पाणी शेडमध्ये शिरलं तेव्हा गाडी वरच्या अंगाला हलवली, खोकं राहिलं. पाणी ओसरल्यावर त्यातलं निम्मं सामान सापडलं, निम्मं गेलं. उजव्या दारावरची पट्टी, डाव्या दिव्याभोवतीचं कडं आणि डिकीवर इंग्रजीत लिहिलेल्या गाडीच्या नावातली दोन अक्षरं नव्हती. एवढंच. पण एवढ्यामुळं ती गाडी दात पडलेल्या माणसासारखी दिसत होती.

मी हो म्हणालो. मैत्रीत करायचं म्हणालो, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

आठ महिने गेले. डाव्या दाराची पट्टी समोर होती, तिच्या उलट उजवी करायची, इतकं ते सोपं वाटलं होतं. पण उजवं दार पूर्वी कधीतरी ठोकून सरळ केलेलं, मध्येच किंचित पोट सुटलेलं. पट्टी त्या पोटाला धरून बसली पाहिजे. मी पितळेची पट्टी कानशीनं घासायचो, बायकोच्या जुन्या साडीत गुंडाळून एसटीनं सांगलीला न्यायचो, दाराला लावून बघायचो, खूण करून परत साताऱ्याला आणायचो. असं सात वेळा. आठव्यांदा पट्टी दारावर अशी बसली, की खालून नखही जाईना. मग सांगलीतच एकाकडून तिच्यावर क्रोमचा मुलामा चढवून घेतला.

"आवं, घरातला नळ दोन म्हैनं गळतोय," बायको म्हणायची. ती मेढ्याकडची, बोलायला सरळ. "त्यो बघा आधी."

"बघतो की," मी म्हणायचो आणि कानस उचलायचो.

दिव्याचं कडं उजव्या कड्यावर बेतून झालं. अक्षरांना तर नमुनाच नव्हता. मित्रानं एक जुना फोटो काढून दिला. वाईच्या घाटाजवळ गाडी उभी, शेजारी डॉक्टर, आणि मागच्या बाजूनं घेतल्यामुळं डिकीवरचं नाव दिसत होतं. भिंग लावून मी ती अक्षरं कागदावर उतरवली. फोटोच्या कडेला एक हात आला होता, कोपरापर्यंत, हातात फडकं. तो माझ्या वडिलांचा हात होता. मनगटावरचं घड्याळ मी ओळखलं. मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "व्हय की! आमच्या कधी ध्यानातच आलं न्हाई."

दोन्ही अक्षरं बसवली त्या दिवशी मित्रानं मला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

त्या हिवाळ्यात सांगलीत एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. त्यानं बोलावलं म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. परीक्षक म्हणून पुण्याचे एक वयस्कर गृहस्थ आले होते. ते गाडीभोवती दोनदा फिरले, उजव्या दाराशी वाकले, पट्टीवरून बोट फिरवलं.

"ही पट्टी फार सुंदर बसली आहे," ते म्हणाले. "कुठं मिळाली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मित्र म्हणाला, "इंग्लंडहून मागवली. पट्टी, कडं, अक्षरं, सगळं तिकडचंच आहे. ओरिजिनल."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "आणि हे?"

"हे आमच्या जुन्या कंपाउंडरचे चिरंजीव," मित्र हसत म्हणाला. "आपलाच माणूस. गाडी पुसायला वगैरे मदत करतो."

दिव्याच्या कड्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे उमटले होते. मित्रानं माझ्या हातात पिवळं फडकं दिलं आणि नजरेनं खूण केली. मी ते पुसलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी फडकं परत देऊ शकलो असतो, परीक्षकांना हाक मारू शकलो असतो, काहीच नाही तर निघून जाऊ शकलो असतो. मी वाकलो आणि कडं लख्ख केलं.

गाडीला बक्षीस मिळालं. मी संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणाले लोक?" मी म्हणालो, "चांगलं म्हणाले."

चार दिवसांनी मी त्याला फोन केला.

"आरं, तसं सांगावं लागतं," तो म्हणाला. "हितं केलंय म्हटलं की मार्क कापत्यात. तुला काय म्हाईत न्हाई व्हय?"

"आणि गाडी पुसतो म्हणालास ते?"

"ते तोंडातनं गेलं रं. तू लय मनाला लावून घेतोस."

मी फोन ठेवला. त्यानं माफी मागितली असती तर मी ती लगेच स्वीकारली असती. तेवढीही संधी त्यानं मला दिली नाही.

वर्षभरानं पुन्हा त्याचाच फोन. गाडी विकायला काढली होती, आणि घेणाऱ्याला सुट्या भागांची खरी बिलं बघायची होती. म्हणून या वेळी त्यानं खरोखरच इंग्लंडहून सामान मागवलं होतं. ते बसत नव्हतं.

"तू ये. दुसऱ्या कुणाचा हात तसा न्हाई," तो म्हणाला.

मी का गेलो, हे मला सांगता येत नाही. गेलो. शेडमध्ये माझी पट्टी फरशीवर पडली होती, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेली, मध्यभागी वाकलेली. नवी पट्टी दाराच्या पोटावर टेकून दोन्ही टोकांना बोटभर वर राहत होती. ती बसवायला कुणीतरी दाराला दोन नवी भोकं पाडली होती, रंगाचे कपचे उडाले होते. अक्षरं मात्र मी केलेलीच होती. तशी तिकडंही मिळाली नव्हती.

"जरा घासून बसव की," मित्र म्हणाला. "तुला तासाभराचं काम."

"माझी का काढलीस?"

"बिल न्हाई ना तिचं."

मी पिशवीतली कानस बाहेरही काढली नाही. "हे मला जमायचं न्हाई," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "आरं, जमायचं न्हाई कसं? तुला जमतंय म्हणून तर बोलावलं." मी चप्पल घालून बाहेर पडलो. त्यानं मागून दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

गाडी विकली गेली. कुठं, ते मी विचारलं नाही. अक्षरांबद्दल त्यानं घेणाऱ्याला काय सांगितलं असेल, ते मला विचारायची गरज नाही.

बायकोला मी सगळं सांगितलं, पण फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं. ऐकून ती म्हणाली, "त्या दिवशी तिथंच बोलायचं हुतं तुमी. सगळ्यांम्होरं." मी तिच्यावर चिडलो. दोन दिवस धड बोललो नाही. ती बरोबर होती म्हणूनच.

मित्राचे अजून रोज सकाळी मोबाइलवर मेसेज येतात. सूर्य, फुलं, शुभ सकाळ. शे-दोनशे लोकांना एकदम पाठवत असणार. मी ते उघडतो. मी ते पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा त्याला दिसत असतील. उत्तर मी देत नाही.