काकूंचा सहा वाजताचा फोन

नवरे अंटार्क्टिकाला गेले आणि किस्से मात्र जयपूरला साचले, असं आम्ही अजून म्हणतो. आम्ही म्हणजे तिघी: डॉक्टरकाकू, वऱ्हाडातली शालन आणि मी. काकूंचे यजमान लष्करी डॉक्टर, शालनचा नवरा आणि आमचे हे गाड्यांचे मेकॅनिक. बर्फावरच्या गाड्या सांभाळायला जयपूरहून या दोघांची निवड झाली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. डिसेंबरात गोव्याहून बोट सुटली आणि पहिले दहा-बारा दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला ठाऊक. सगळे सुखरूप परतले म्हणून आज हसू येतं.

*

राजा पार्कच्या बाजारात लोकरीचे मोजे घ्यायला गेलो होतो. ह्यांनी एकदम बारा जोड मागितले. दुकानदाराने विचारलं, "शिमला जा रहे हो क्या, भाईसाहब?"

"उससे थोड़ा आगे."

"मनाली?"

हे हो म्हणाले. बाहेर आल्यावर मी हटकलं, तर म्हणे, खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दुकानातच बसवून घेतलं असतं!

*

फोन फक्त काकूंकडे, म्हणून बोटीची खबर दिल्लीच्या ऑफिसातून तिथेच यायची. रोज संध्याकाळी सहाला. शालन आणि मी क्वार्टर्समधून रिक्षाने जवाहर नगरला जायचो आणि परीक्षेला बसल्यासारख्या फोनसमोर बसायचो. दिल्लीचा माणूस एकच वाक्य सांगायचा. बोट पुढे जात आहे, सर्व कुशल.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन वाक्यं सांगितली. सगळ्यांना बोट लागली आहे, आणि सगळ्यात जास्त डॉक्टरांना! मग गोळ्या कोण देतंय, असं काकूंनी विचारलं. उत्तर ऐकून रिसीव्हर ठेवला आणि शालनला म्हणाल्या, "तुझा नवरा."

शालनने कपाळाला हात लावला. "अवो काकू, त्याईले तं फक्त ट्रक दुरुस्त करता येते!"

*

शालनने मीठ सोडलं. नवरा बर्फावर सुखरूप उतरेपर्यंत अळणी खायचं. काकूंनी तिला चांगलंच झापलं. तुझ्या मिठावर बोट चालते का, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे भजी खाल्ली, तर तीही अळणीच होती.

*

सातव्या दिवशी शेजारच्या भाभीजींनी हिंदी पेपर आणून दिला. दक्षिणेकडच्या समुद्रात मोठं वादळ. चार ओळींची बातमी, बोटीचं नाव नाही. माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. पेपर तसाच घेऊन आम्ही काकूंकडे धावलो.

काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, आता फोन साडेपाचलाच येतो, येऊन गेलासुद्धा. वादळ बाजूने गेलं, सगळे ठीक आहेत.

*

पुढचे दोन-तीन दिवस तसंच. आम्ही पोचेपर्यंत फोन येऊन गेलेला असायचा. पण दिल्लीचा माणूस सुधारला होता! एका वाक्यात उरकणारा आता प्रत्येकीला वेगळी बातमी द्यायला लागला. आमच्या ह्यांच्या उलट्या थांबल्या, दोन पोळ्या गेल्या. शालनचा नवरा डेकवर फिरून आला.

"माही आठवण काढली का त्याईनं?" शालनने विचारलं.

"काढली की. दोनदा."

शालन तिथेच रडली, मीसुद्धा रडले. त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले. काकू मात्र वाळत चालल्या होत्या. डॉक्टरकाकांचं विचारलं की म्हणायच्या, त्यांचं काय, ठीकच असतील.

*

आणि मग ती संध्याकाळ. आम्ही पोचलो तेव्हा टेलिफोनचा लाइनमन काकूंच्या घरासमोरच्या खांबावरून उतरत होता. शेजारच्यांनी बोलावलं होतं त्याला. हात पुसत तो आत आला, काकूंचा फोन कानाला लावला, एक नंबर फिरवून बघितला. शालन आणि मी सोफ्यावर बसलेल्या. काकूंच्या हातात चहाचा ट्रे.

"अब चालू है," तो म्हणाला. "पूरी लाइन चार दिन से डेड पड़ी थी, माताजी. आपने कम्प्लेंट क्यों नहीं लिखवाई?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. शालनने माझा हात घट्ट धरला. लाइनमन निघून गेला.

सहाला फोन वाजला.

काकू जागच्या हलल्या नाहीत. दोनदा वाजला, तीनदा वाजला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू उचल गं."