लॅब्राडॉरचा कागद

आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी एक गोष्ट पक्की शिकवली होती: कुठेही जाताना कागदांची फाइल सोबत न्यावी. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. सिकंदराबादेतली रेल्वेची नोकरी मला त्या फाइलीनेच मिळवून दिली, असं मी आजही मानतो. म्हणून गेल्या महिन्यात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला गेलो, तेव्हाही ती बरोबर होती.

सगळ्यात वर आमच्या लॅब्राडॉरचा कागद होता. मलकपेठेत फ्लॅट झाला, तेव्हा मुलीच्या हट्टापायी तो कुत्रा विकत घेतला होता. कागदावर त्याच्या तीन पिढ्यांची नावं. वडील गावाहून आले, तेव्हा मी तो त्यांना कौतुकाने वाचून दाखवला.

"माझ्या जन्माचा कागुद न्हाई," ते म्हणाले, "अन् तू कुत्र्याच्या आज्याचं नाव सांगायलास व्हय?"

आम्ही खूप हसलो. पण मला अभिमान वाटायचा, हे खरं. सकाळी त्याला घेऊन निघालो की बंगल्यांतली माणसं थांबून बोलायची.

पुढे मुलगी पुण्याला गेली, पत्नी वारली. शेवटचे चार महिने कुत्र्याचे मागचे पाय उठत नव्हते. चादरीत घेऊन मी त्याला जिने उतरवायचो. तो गेल्यावर मी त्याच रस्त्याने एकटा फिरायला जाऊ लागलो. कुणी थांबत नव्हतं. रिकाम्या हाताच्या माणसाला थांबवून विचारायचं तरी काय?

कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेतली मुलगी पंचविशीची असेल, मराठीच. कागद बघून तिचा चेहरा उतरला.

"अंकल, विकत घेतला होता?"

"हो. चांगल्या घराण्यातला होता."

"त्याची आई बघितली होती तुम्ही? अशा ठिकाणी तिला पिंजऱ्यात ठेवतात. पुन्हा पुन्हा पिल्लं काढतात."

मी बघितली नव्हती. कागदावर तिचं नाव तेवढं होतं. "तेव्हा हे कुणी बोलत नसे," एवढंच म्हणालो आणि कागद मिटून फाइलीत घातला. इतकी वर्षं जो कागद मिरवला, तो असा लपवताना माझे कान तापले.

मग तिने कुत्रा कसा गेला ते विचारलं. मी चादरीचं सांगितलं. तिने एक फॉर्म पुढे केला. "याच शहरातली दुसरी जबाबदार व्यक्ती लिहून आणा. तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तर हिला कोण बघणार? त्याशिवाय आम्ही देत नाही."

'ही' म्हणजे फाटक्या कानाची एक तपकिरी कुत्री. बोलणं होईपर्यंत ती माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसली होती.

घरी येऊन फोन उघडला. ऑफिसातले बहुतेक निवृत्तीनंतर आपापल्या गावी परतलेले. उरलेली माणसं सकाळच्या फेरीतली; ती मी त्यांच्या कुत्र्यांच्या जातीवरून नोंदवलेली: शेफर्डसाहेब, पॉमेरेनियन मॅडम, पगआंटी. शेफर्डसाहेबांचा नंबर बंद होता. पॉमेरेनियन मॅडमनी उचलला नाही. मग पगआंटींना लावला.

"कौन? अरे, लॅबवाले साब! कित्ते दिन हो गए, किधर थे?"

मी सांगितलं. त्यांचा पगही दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"आखिर में सांसच नहीं ले सकता था, साब. चपटी नाक के वास्ते. डॉक्टर बोले, ये कुत्ते बनातेच ऐसे हैं. अब मेरे को वैसा कुत्ता नक्को."

फॉर्मचं सांगितल्यावर त्या थांबल्या नाहीत. "लिख दो मेरा नाम. मगर रोज उसको लेके हमारे गेट पे आना."

मी पेन उघडलं आणि नावाच्या रकान्यावर टेकवलं. अकरा वर्षं आम्ही रोज सकाळी बोलत होतो.

"आंटी," मी म्हणालो, "नाम क्या लिखूँ?"

पलीकडे हसू आलं आणि मधेच विरलं. मग त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी लिहून घेतलं.

मग त्यांनी माझं विचारलं.