आईने पाहिलेलं नावावरचं रान

कोल्हापूरच्या महाराजांनी महारांची वतनी चाकरी बंद करून जमीन एकेका घराच्या नावावर करून दिली, ही बातमी आमच्या महारवाड्यात आली तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. आमचं गाव कऱ्हाडच्या वरच्या अंगाला, इंग्रजी हद्दीत. आमच्याकडे वतनाचं रान सगळ्या घरांत मिळून. वाट्याला नांगराची चार तासं, म्हणजे चार रेघांएवढी पट्टी यायची आणि त्याबदल्यात अख्ख्या घराने गावाचे सांगावे पोचवायचे, मेली ढोरं ओढायची, अंमलदाराचं ओझं वाहायचं. आपणही सरकारकडे अर्ज करावा, असं तरुणांचं म्हणणं. म्हातारे म्हणत, चाकरी सुटली की रानही काढून घेतील. शेवटी पाहून यायला मला धाडायचं ठरलं, कारण मी शाळामास्तर.

आई म्हणाली, "तू कागद बघशील. रान कोण बघणार? म्याबी येते."

कऱ्हाडहून आगगाडीने मिरज, तिथे गाडी बदलून कोल्हापूर. मिरजेला बराच वेळ खोळंबा होतो, आणि आमच्यासारख्यांना तिथे चहाचा कप हातात मिळत नाही. जाणाऱ्याने भाकरी आणि पाण्याचा तांब्या बरोबर ठेवावा. कोल्हापूर स्टेशनाबाहेर कोडोलीला जायचं म्हणताच दोन टांगेवाल्यांनी जात विचारून तोंड फिरवलं. तिसरा दस्तगीर. त्याने आईचं गाठोडं उचलून आत ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, कोडोली लांब हाय. घट्ट धरून बसा." वाघबिळाच्या घाटात चढाला आम्ही उतरून चाललो. खाली उतरल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळांचा धूर आणि उकळत्या रसाचा वास. हिवाळ्यात जावं, रस्ता कोरडा असतो.

कोडोलीच्या अलीकडे एका वाडीत रामा आणि त्याची बायको बायजा यांच्याकडे आम्ही उतरलो. माझ्या ओळखीच्या मास्तरांनी त्यांना निरोप धाडला होता. भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन होताच रामाने पत्र्याच्या डब्यातून शेतसाऱ्याची पावती काढली. मी ती दोनदा वाचली. नाव त्याचंच होतं. आई मात्र तोवर बायजाबरोबर रानात पोचली होती. मी गेलो तेव्हा ती ढेकूळ फोडून बघत होती.

"पट्टी अरुंद हाय गं. बैल वळवताना शेजारच्यात पाय पडत असंल."

"पडतोय की," बायजा हसली. "पर बांध आमचा हाय. पयलं कुठल्या साली कुठला तुकडा यील त्येचा पत्त्या नसायचा. खत कुणासाठी टाकायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रामा शाळू ज्वारीला पाणी देत होता. गावचा शिपाई बांधावर येऊन उभा राहिला.

"रामा, चल. सायबांचा पेटारा पुढच्या गावाला न्यायचाय."

"मजुरी काय?"

"मजुरी? तुजा बा वाहत हुता की!"

"तवा रान चाकरीचं हुतं. आता सारा भरतोय. मजुरी ठरवा, येतो. न्हायतर माझं पाणी चाललंय."

"रान जाईल, बघ!"

"न्हाय जात," रामा म्हणाला आणि वाकून पाटाचं दुसरं दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायला लागला. आईने माझा दंड घट्ट धरला होता. शिपाई शिव्या देत निघून गेला.

त्याच दिवशी परतायचं ठरलं होतं. आई म्हणाली, "आज त्यो गेला. उद्या काय हुतंय, ते बघितल्याबिगर म्या हलत न्हाय."

दस्तगीरला कोडोलीत आणखी एक मुक्काम करायला लावला. तो कुरकुरला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर पाटील स्वतः त्या वाटेने आले. रामा पाणी देतच होता; बायजाचं खुरपं मात्र थांबलं. पाटील बांधाशी थबकले, रामाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "खालचा बांध फुटंल. माती लाव." आणि चालू पडले. पेटारा भाड्याच्या गाडीतून गेल्याचं नंतर कळलं.

सगळंच गोड नव्हतं. गावच्या विहिरीवर बायजाला अजून मज्जाव आहे; ती ओढ्यावरून पाणी आणते. शेजारच्या घराने जमीन विकून मजुरीसाठी उचगाव गाठलं. "नावावर झालं की विकताबी येतंय," आई परतीच्या वाटेवर बराच वेळ एवढंच बोलत होती.

घरी बैठक बसली. मी टिपणं वाचली. म्हातारे नकाराची मान हलवत राहिले. तेव्हा मागच्या बायकांतून आई उठली. "रामानं शिपायाला न्हाय म्हटलं. आनि दुसऱ्या दिशी त्येच रानात त्यो पाणी देत हुता. म्या थांबून बघून आले." त्या संध्याकाळी अर्जावर सगळ्या घरांचे अंगठे उठले.

उत्तर अजून आलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी शाळेत असताना अंमलदाराची वळकटी न्यायला आमच्या घरी बोलावणं आलं. आईने मजुरी विचारली. दारात शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी वळकटी उचलून दोन कोस चालली. मी चिडलो तेव्हा पायांना तेल लावत म्हणाली, "वाहिली की. पर इचारलं. आता दर येळंला इचारणार हाय."