आहेराच्या साडीचं फडकं
परवा एका लग्नात आहेरात भडक जांभळी साडी मिळाली आणि लातूरचं बसस्टँड आठवलं. बारावीला मी तिथं खोली घेऊन राहत होते. मेस परवडत नव्हती, म्हणून आई रोज गावच्या एसटीनं डबा पाठवायची, अशाच एका आहेराच्या साडीच्या फडक्यात बांधून. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डिझेल आणि लसणाचा वास कोंडलेला असायचा, आणि आम्ही पोरी फडक्यावरून आपापला डबा ओळखायचो. एकदा खोलीवर येऊन गाठ सोडली, तर आत अंबाडीची भाजी. आमच्याकडे ती कधीच होत नसे. दुसऱ्या दिवशी स्टँडवर एक पोरगी तसंच जांभळं फडकं हातात धरून उभी. आमच्या दोघींच्या आया एकाच लग्नाला गेल्या होत्या! “तुझ्या आईची शेंगांची चटणी लई भारी हाय गं,” ती म्हणाली. “आजबी बदलायचा का डबा?” मग वर्षभर आम्ही मुद्दाम बदलत राहिलो. आता आई नाही. तिच्या हातची चव आठवायला बसले की जिभेवर अंबाडीच येते. आईची चटणी कशी लागायची हे विचारायला ती पोरगी आता कुठं शोधू?